न डुललेला तरंग

भाई, तेराव्याची भांडी देवळात परत गेली. सतरंज्या झटकून, मोजून, दोरीने बांधून ठेवल्या. उरलेली चहापूड वहिनीच्या फडताळात आहे, तिला सांगितले आहे. माझ्या कागदावरच्या सगळ्या कामांवर रेघ मारून झाली. एकच काम राहिले, ते तुझ्याकडचे. तुला एक विचारायचे आहे, आणि या वेळी तुला विषय बदलता येणार नाही.

तुला ठाऊक होते की नाही?

माझा संशय सुरू झाला तो काजूच्या दिवसांत. घरामागच्या डोंगरातले बोंडू सगळे जण काठीने उचलतात. काठीच्या टोकाला खिळा असतो, टोचायचे आणि टोपलीत टाकायचे. तू मात्र काठीला आळश्यांचे हत्यार म्हणायचास. सगळे हाताने वेचायचास, आमच्यापेक्षा भरभर. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी डिचोलीहून माहेरी आले, तर तुझ्या हातात काठी.

"हाताक काय झाला?" मी विचारले.

"हाताक काय जाताला? बोंडवांक जरा मान देतंय."

मी हसले नाही. बोंडू काठीने उचलता येतात, पण पाल्यात पडलेल्या सुट्या बिया हातानेच वेचाव्या लागतात. तू त्या वेचायला गुडघ्यांवर बसलास. पाठ ताठ ठेवून, झाडाला एक हात लावून, खाली सरकत सरकत. देवळात बसावे तसा. बिया संपल्या तरी तू तिथेच बसून होतास आणि मला म्हणालास, "तू फुडे हो, मी येतंय." मी पुढे झाले आणि वळणावर थांबून पाहिले. उठताना तू आधी झाडाला मिठी मारलीस.

आधी मला वाटले, हुर्राक. त्या काजूच्या दारूचेच ते दिवस, आणि आपल्या गावातला कुठलाही शहाणा माणूस त्या महिन्यात थोडा वेडा होतो. मी तुझ्या जवळून उगाच दोनदा गेले. तू ओळखलेस. तोंड पुढे करून म्हणालास, "वास घे, सरळ घे. मास्तरीण झालंस तरी पोलिसाची नजर काय गेली नाय तुजी." वास पेजेचा आणि लोणच्याचा होता.

मग मी एक एक गोष्ट टिपून ठेवायला लागले. कागदावर नव्हे, मनात. तुझ्या पट्ट्याच्या वाहणा गेल्या आणि नुसता पाय सरकवायच्या सपाता आल्या. जेवायला पाट नको झाला. "मुंबयचे पावणे जेवतत तसा मेजार जेवया," असे म्हणून तू सगळ्यांनाच मेजावर बसवलेस, म्हणजे तू एकटा दिसू नयेस. कोणी मागून हाक मारली की तू मान वळवायचा नाहीस, अख्खा वळायचास, एखादे कपाट फिरवावे तसा. आणि देवळाकडे जाताना वाटेत थांबून माड पाहायला लागलास. थोडे चाललास की एक माड. भाई, आपल्याच माडांकडे कोणी इतक्या प्रेमाने पाहत नाही. तुझे पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या, ते मला तेव्हाच दिसत होते. विचारले की तू म्हणायचास, "नारळ मोजतंय."

वहिनीला विचारले तर ती म्हणे, सकाळी ते बराच वेळ खाटेच्या कडेवर बसतात, जनेलाचा गज धरून. "कित्याक?" "वारो घेतत, म्हणतत." त्या जनेलातून गोठ्याचा वास येतो, वारा नव्हे. पण वहिनी तुझी बाजू सोडणारी नव्हती, आणि मी तिच्या घरातली पाहुणी होते.

नंतर ती दोन वाईट वर्षे आली. गोव्यात राजभाषेचा वाद पेटला, रस्त्यांवर झाडे आडवी पडली, पाट्यांना डांबर लागले. आपल्या गावात मोठे काही झाले नाही, पण आपल्या अंगणात झाले. आपला चुलत भाऊ बाबल कोकणीचा झाला आणि तू मराठीचा. तुम्ही दोघे सोप्यावर बसून जे भांडायचात ते दोघेही एकाच बोलीत, एकमेकांचे शब्द पुरे करत. मी मराठी शाळेत शिकवते म्हणून माझे मत कोणी विचारले नाही, ते ठरलेलेच धरले होते. एके दिवशी बाबल बोलता बोलता उठला आणि म्हणाला, "तुमचो गणपती तुमका, आमचो आमका."

आजोबांपासून दोन्ही घरांचा एकच गणपती. मूर्तीवर टांगायची एकच माटोळी, तिला बांधायची फळे आणि रानातल्या वेली आणायला दोन्ही घरचे पुरुष डोंगरात जायचे. त्या चतुर्थीला बाबलने त्याच्या पडवीत वेगळी मूर्ती बसवली. अंगण एकच, आणि आरत्या दोन. तुझी सुरू झाली की तो घंटा जोरात वाजवायचा, त्याची सुरू झाली की तू झांजा घ्यायचास. वहिनी आत पातोळ्या करत रडत होती. तू माटोळी बांधायला पोराला, उदयला, चढवलेस. दर वर्षी तूच चढायचास. मी तेही टिपून ठेवले.

त्यानंतर गोव्याचे वेगळे राज्य झाले, आणि राज्य झाले त्या वर्षीचा दसरा आला.

तरंगाचा मान आपल्या घराचा. साड्यांनी गुंडाळलेला तो उंच खांब कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हातांनी धरून तू दर दसऱ्याला सोने लुटायच्या आपट्याच्या झाडापर्यंत न्यायचास. देवळाचा घाडी देवाला गाऱ्हाणे घालायचा, लोक "व्हय म्हाराजा" म्हणायचे, आणि तुझ्या अंगात भार यायचा. तरंग डुलायचा. माणसे डोळे मिटून तो डुलण्याचा आवाज ऐकायची, साड्यांची ती सळसळ. ज्याला जे विचारायचे ते तो विचारायचा, आणि देव तुझ्या तोंडून सांगायचा.

त्या संध्याकाळी घाडीने गाऱ्हाणे घातले. गावावर आलेले सगळे सांगितले, भांडणाचेही, नाव न घेता. "ह्या लेकरांका एका वाटेर आण, म्हाराजा." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि तरंग हलला नाही.

घाडीने परत गाऱ्हाणे घातले. ढोल वाढला. तुझा चेहरा घामाने भिजला होता, ओठ थरथरत होते, हात थरथरत होते. म्हणजे भार आला होता, हे सगळ्यांना दिसत होते. पण कमरेतून तू एखाद्या खांबासारखा होतास. एका खांबात दुसरा खांब रोवलेला. सूर्य खाली जात होता आणि इतक्या माणसांत कोणी खोकतही नव्हते. मागून कोणीतरी म्हणाले, "देव बोलणा नाय." मग दुसरे कोणी, "देव रुसलो."

घाडी तुझ्या पायांशी बसला. "म्हाराजा, कोणाचा चुकला?"

तू बोलला नाहीस. तुझी नजर समोर होती, आणि समोर बाबल उभा होता. ती नजर मुद्दाम होती की तुला मान फिरवता येत नव्हती म्हणून होती, हेच तर मला तुला विचारायचे आहे. बाबलने आधी आजूबाजूला पाहिले. मग त्याने टोपी काढली, पुढे आला आणि तुझ्या पायांवर डोके ठेवले. रडत म्हणाला, "माझा चुकला. फुडल्या वर्सा गणपती एकच."

मी बायकांच्या बाजूला उभी होते. सगळ्या पदर डोळ्यांना लावत होत्या. माझ्या मनात मात्र माड येत होते, सपाता येत होत्या, खिळ्याची काठी येत होती.

पुढच्या चतुर्थीला गणपती एकच बसला. गावातही जे एकमेकांच्या दारात जात नव्हते ते जायला लागले. कोकणीवाले म्हणत, देवाने मराठीवाल्यांचा माज उतरवला. मराठीवाले म्हणत, देव मुळात ऐकायलाच तयार नव्हता तो कोकणीवाल्यांचे. पण म्हणत ते एकाच दुकानाच्या पायरीवर बसून, पोदेराने उजाडल्यावर भोंपू वाजवत आणलेले पावाचे उंडे एकाच चहात बुडवून. आणि तुला मात्र लोक वाटेत थांबून नमस्कार करायला लागले. तू ताठच्या ताठ उभा राहायचास, ते त्यांना देवाचे वाटायचे.

त्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी तुला सोप्यावर गाठले. घरात कोणी नव्हते.

"भाई, तुका वाकाक येणा नाय."

"येता."

"मग ती सुपारी उचल."

माझ्या हातातली सुपारी मी जमिनीवर टाकली होती. तू तिच्याकडे पाहिलेस, मग माझ्याकडे. "माजी परीक्षा घेतंस? तुज्या शाळेतलो पोर मी?" म्हणालास. मी म्हटले, म्हापशाला डॉक्टरकडे जाऊ, मी सगळे बघते, बसची वेळ मला ठाऊक आहे. तू म्हणालास, "तू सगळ्यांचो संशय घेतंस. देवाचोय घेतंस." मी म्हटले, देवाचा नाही, तुझा. तू हसलास आणि पायाने सुपारी सोप्याखाली सारलीस. तिथे आपला वाद थांबला. मी दर सुट्टीत तो परत काढला आणि तू दर वेळी सोप्याखाली सारलास.

आणि गेल्या महिन्यात तू न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरलास. मोठी पडापड नव्हती. आपल्यापैकी कोणीही उठून पाय चोळत बसला असता. तुला उठता आले नाही. डॉक्टरांनी तुझ्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. मणक्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध असतात, ते मऊ असतात म्हणून माणूस वाकतो. तुझ्या कमरेतले ते बंधच हाड झाले होते. मेणबत्तीवरून मेण ओघळून थिजावे तसे एका मण्यावरून दुसऱ्यावर उतरलेले. मण्यामण्यांचा कणा राहिलाच नव्हता, एक सलग काठी झाली होती, आणि काठी मोडते तशी ती मोडली होती.

"हे आजचे नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना कित्येक वर्षे वाकता येत नसणार. घरात कोणाला कळले नाही?"

"कळले होते," मी म्हटले. "ह्यांनी कबूल केले नाही."

तू शुद्धीवर असताना मी तुझ्या कानाशी बसून विचारले, तुला ठाऊक होते ना? तू म्हणालास, "घरा गेल्यार बोलया." मग तुझ्या छातीत कफ भरला. घरी तू आलास, पण बोलण्यासारखा नाही.

दहाव्यानंतर वहिनीने मला विहिरीवर गाठले आणि पदराशी चाळा करत सांगितले. तू एकदा एकटा सावंतवाडीला गेला होतास. कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून हद्दीपलीकडे. तिथल्या डॉक्टरने फोटो काढला होता आणि सांगितले होते, की हे हाड झालेले परत मऊ होणार नाही. पडायचे मात्र नाही, जपायचे. तू तिला शपथ घातली होतीस.

मी विचारले, "कधी? त्या दसऱ्याच्या आदी की मागसून?"

वहिनीने खूप विचार केला. खरेच केला, मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. "आठवणा नाय गो," ती म्हणाली. "पावस होतो, इतक्या आठवता."

पाऊस त्या दसऱ्याच्या आधीही होता आणि नंतरच्या वर्षीही. म्हणजे तू तिथे उभा राहिलास तेव्हा तुला ठाऊक होते की देव नाही, तुझी पाठ आहे. किंवा ठाऊक नव्हते, आणि तूही आमच्यासारखाच घाबरला होतास की देवाने तुला सोडले. दोन्हींपैकी कुठले ते कळल्याशिवाय मला तुझ्यावर रागावताही येत नाही आणि धड रडताही येत नाही. आधी कळले असेल तर तू पुऱ्या गावाला फसवलेस, आणि त्यातून दोन घरे एक केलीस. नंतर कळले असेल तर वर्षानुवर्षे लोकांचे नमस्कार घेताना तुला काय वाटत होते? दुकानाच्या पायरीवरून ते चहाचा पेला तुझ्या हातात आणून द्यायचे, खाली ठेवायचे नाहीत. तो घेताना तुझा हात कधी थबकला का?

मी हे तुझ्यापुरतेच ठेवले असते. मेलेल्या माणसाची पाठ चारचौघांत उघडी करायची मला हौस नाही. पण काल सुतक फिटल्यावर मानकरी आले. घाडी, दोघे म्हातारे, आणि पुढे बाबल. तरंगाचा मान आता उदयला द्यायचा म्हणाले. देवाचे काम वर्षभर थांबत नाही. बाबलनेच सगळे बोलणे केले, तोंडभर. मला वाटले, हा इतका उदार का? हा मान स्वतःच्या घराकडे वळवून घ्यायची संधी असताना?

घाडीने रीतीप्रमाणे पाटावर विडा ठेवला, जमिनीवर. मान घेणाऱ्याने वाकून विडा उचलायचा आणि कपाळाला लावायचा. उदय पुढे झाला. तुझा मुलगा, लग्नाच्या वयाचा, डोंगरात धावणारा. तो वाकला नाही. त्याने दाराच्या चौकटीला एक हात लावला, पाठ ताठ ठेवली आणि गुडघ्यांवर सरकत सरकत खाली गेला.

म्हातारे एकमेकांकडे पाहून हसले. "बापाशीचीच चाल," एक म्हणाला. "देव घरातसून गेलो नाय." घाडीने हात जोडले.

विडा उदयच्या बोटांना लागला होता. मी म्हटले, "थांब."

"आत्ये, गप रव," उदय म्हणाला. हळू, दातांतून. त्याच क्षणी मला कळले की त्यालाही ठाऊक आहे.

मी सांगितले, भाई. फोटोतले सगळे सांगितले. मेणासारखे उतरलेले हाड सांगितले, माड सांगितले, सपाता सांगितल्या. तरंग हलला नाही तो का, तेही. हे घरात येते, बापाचे मुलाला येऊ शकते, डॉक्टरांनी विचारले होते की मुलगे आहेत का. आताच दाखवले तर पोराला जपता येईल, आणि ताठ उभा राहिला म्हणून तुम्ही त्याला नमस्कार करत बसलात तर तो कधीच दाखवणार नाही. मी शाळेत बोलते तशी बोलले, एकामागून एक. वहिनी आत भांडे धरून उभी होती.

मग बाबलने विचारले. आवाज चढवून नाही.

"मग त्या वर्सा मी तुमच्या गणपतीक इलंय, तो कोणाच्या सांगण्यान?"

मी भिंतीकडे पाहिले, तुझ्या फोटोला घातलेला हार सरळ केला. तोही सरळच होता.

घाडी म्हणाला, "देवाक बोलाक तोंडच लागता असा कोणी सांगला?" पण तो स्वतःशी म्हणत असावा.

बाबल पुढे आला, वाकला, विडा उचलला, कपाळाला लावला. वाकताना त्याच्या कमरेतून कडकड आवाज आला आणि तो स्वतःच दचकला. "वातो," तो म्हणाला माझ्याकडे पाहून. "माजो नुसतो वातो. संशय घेव नको." मग घाडीला म्हणाला, "तरंग मी धरतंय. डुललो तर डुललो." आणि मला, "पोराक दोतोराकडे व्हर. बस चुकवू नको."

त्याला तो मान हवाच होता, हा संशय माझा अजून गेलेला नाही. कदाचित तो माझ्या बोलण्याचीच वाट पाहत होता. आणि कदाचित त्याने तुझ्या पोरावरून ओझे उचलले, इतकेच. एकाच माणसात दोन्ही असू शकते, हे तुझ्या घरात राहूनच मी शिकले.

आज सकाळी मी आणि उदय म्हापशाच्या बसला उभे होतो. तो कालपासून माझ्याशी बोलला नव्हता. रस्त्यापलीकडे आपला शेवटचा माड आहे ना, तो त्याकडे पाहत होता. मी पिशवीत पाणी, टॉवेल, तुझ्या पाठीचा इस्पितळातला फोटो, सगळे परत एकदा तपासले. मग विचारले, "सकाळी उठाक किती वेळ लागता तुका?"

मला वाटले, म्हणेल, नारळ मोजतोय. बस वळणावर दिसायला लागली.

"गोठ्यातलो कोंबडो आरवता तेवा सुरू करतंय, आत्ये," तो म्हणाला. "पोदेराचो भोंपू वाजता तेवा उबो रवतंय."

भाई, इतके साधे होते ते सांगायला. बसची पायरी उंच होती. मी त्याला हात दिला आणि त्याने तो धरला.